पीडीएफवर बसणाऱ्या बाई

बाई आमच्या पीडीएफवर बसायच्या. खरोखरच बसायच्या. सॉफ्टवेअरमधून नवा रिपोर्ट तयार झाला की त्या तो छापून घ्यायच्या, कागदाची चौघडी करायच्या, खुर्चीतल्या उशीखाली सारायच्या आणि दुपारभर त्यावर बसून बाकीची कामं उरकायच्या. चहाच्या वेळी कागद बाहेर यायचा. मग चष्मा काढून कागद हातभर लांब धरायचा आणि मोठ्यानं वाचायचा. घडीवरचं अक्षर लागलं नाही की रिपोर्ट नापास.

"अहो, पेशंट काय फाईल घेऊन हिंडणार आहे?" त्या म्हणायच्या. "तो कागद खिशात घालतो, पिशवीत भाजीखाली घालतो. तुम्ही मात्र काचेवर बघून खूश."

कंपनी छोटी होती. सदाशिव पेठेत, खाली दातांचा दवाखाना आणि वर दोन फ्लॅट एक करून केलेलं आमचं ऑफिस. ड्रिलचा आवाज वरपर्यंत यायचा. आम्ही छोट्या-मोठ्या हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर करायचो. त्यातला सगळ्यात कटकटीचा कागद म्हणजे डिस्चार्ज कार्ड. पेशंट घरी जाताना त्याच्या हातात पडतं ते: काय झालं होतं, काय केलं, घरी कुठली औषधं कशी घ्यायची. हे कार्ड आधी एखाद्या वेबपेजसारखं एचटीएमएलमध्ये तयार व्हायचं, सीएसएस लिहून त्याला रूप द्यायचं, आणि मग एक फुकटचं साधन त्याची पीडीएफ करून द्यायचं. गोम अशी की वेबपेजला तळ नसतो, ते खाली वाढतच जातं. कागद मात्र संपतो. संपताना तो कशावर संपेल हे त्या साधनाच्या मर्जीवर होतं, आणि बाईंचं सगळं भांडण त्या मर्जीशी होतं.

त्या आमच्या टेस्टिंगच्या प्रमुख. प्रमुख म्हणजे त्या एकट्याच. संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या, आधी बरीच वर्षं एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात काढलेल्या. खडकीच्या क्वार्टर्समध्ये वाढल्या, लग्न होऊनही खडकीतच राहिल्या. लोकलनं शिवाजीनगरला उतरायचं आणि तिथून चालत यायचं, हा त्यांचा नेम. कॉटनची साडी, पायात कॅनव्हासचे बूट, पर्समध्ये स्टीलची फूटपट्टी. फूटपट्टी समासासाठी. सीएसएसमध्ये आम्ही वीस मिलिमीटर लिहिलं असेल तर कागदावर वीस भरलेच पाहिजेत.

मी यवतमाळकडची. अमरावतीला इंजिनिअरिंग करून पुण्यात आले, चौघी मुलींत एक खोली घेतली आणि ही पहिली नोकरी लागली. पहिल्या दिवशी मी त्यांना "मॅडम" म्हणाले.

"मॅडम म्हटलं की कपड्यांच्या दुकानात उभं असल्यासारखं वाटतं," त्या म्हणाल्या. "बाई म्हणा."

मी त्यांच्या लेकीपेक्षाही लहान, तरी शेवटपर्यंत त्यांनी मला "तुम्ही"च म्हटलं.

ऑफिसात माझ्या बोलण्याला पोरं हसायची. वाईट हेतूनं नाही, पण हसायची. मी "मले" म्हणाले की कोपऱ्यातून कुणीतरी "मले" करायचं. मी हळूहळू बोलणंच कमी केलं. बाईंनी ते पाहिलं असावं. एक दिवस त्यांनी मला हाक मारली आणि मराठी कार्डाचा कागद पुढे केला.

"वाचा. मोठ्यानं."

मी जमेल तेवढ्या पुणेरी ढंगात वाचायला लागले. त्यांनी हात वर केला.

"बातम्या देऊ नका. तुमच्या आईला वाचून दाखवताय असं वाचा."

मी वाचलं. 'दिवसाआड' या शब्दापाशी त्यांनी थांबवलं. "तुमच्या आईला हे कळेल?"

"कळन, पण आमी 'एक दिवस सोडून' म्हणतो."

"मग तसंच लिहा. ते सगळ्यांना कळतं."

त्या दिवसापासून कार्डावरचा प्रत्येक मराठी शब्द आधी मी वाचायचा आणि मग तो कायम व्हायचा, असं ठरलं. ज्या बोलीपायी मी गप्प बसत होते, ती बाईंनी कामाला लावली. पोरं हसायची थांबली. अडलेला शब्द विचारायला तीच माझ्या टेबलापाशी यायला लागली.

त्यानंतर नावांचं प्रकरण झालं. आमच्या त्या फुकटच्या साधनाला मराठी जोडाक्षरं धड जमायची नाहीत. पडद्यावर ज्ञानेश्वर नीट दिसायचा. पीडीएफमध्ये त्याचा ज एकीकडे, ञ दुसरीकडे, आणि वेलांट्या तर शेजारच्याच अक्षरावर जाऊन बसायच्या. आमचे सर, म्हणजे कंपनीचे मालक, म्हणाले, "नावं इंग्रजीत छापू. विषय संपला."

बाईंनी कागद सरांच्या टेबलावर ठेवला. "सर, हा माणूस बरा होऊन घरी चाललाय, आणि आपण दारातच त्याचं नाव फ्रॅक्चर करून देतोय."

सर हसले, पण हसता हसता त्यांनी काम माझ्याकडे दिलं. मी फॉन्ट बदलले, सेटिंग्ज पालटून पाहिल्या, एकेक जोडाक्षर घेऊन बसले. शेवटी नाव सरळ छापलं गेलं. कागद घेऊन बाईंकडे गेले. त्यांनी बघितलं, घडी घातली, उशीखाली ठेवला. संध्याकाळी काढून पाहिला आणि म्हणाल्या, "वाचता येतंय."

हे त्यांचं सर्वांत मोठं कौतुक. याच्यावर काही नसायचं.

एकदा मी त्यांना सीएसएसमधले दोन नियम समजावून देत होते. परिच्छेद दोन पानांत विभागला गेला तर या पानाच्या तळाशी निदान किती ओळी राहाव्यात आणि पुढच्या पानाच्या डोक्यावर किती जाव्यात, हे त्यांत सांगता येतं. इंग्रजीत त्यांची नावं आहेत 'अनाथ' आणि 'विधवा'. बाईंचे यजमान फार लवकर गेले होते. दुसरं नाव सांगताना मी अडखळले.

"बोला की, त्यात काय?" त्या म्हणाल्या. "विधवेला सोबत किती ओळी लागतात म्हणता?"

"निदान दोन."

"चैन आहे. मी एका लेकीवर भागवलं."

आणि फूटपट्टी काढून समास मोजायला लागल्या. मला हसावं की नाही कळेना. त्याच हसल्या, तेव्हा मीही हसले.

पण जी गोष्ट सांगायला मी खरं तर बसले आहे ती औषधांच्या तक्त्याची.

कार्डावर औषधांचा तक्ता असायचा. एका रांगेत औषधाचं नाव, किती, केव्हा, कसं. सूचना लांब असली तर एका रांगेत तीन-चार ओळी व्हायच्या. रांग पानाच्या अगदी तळाशी आली की आमचं साधन ती मधूनच कापायचं. अर्धी रांग या पानावर, अर्धी पुढच्या. सीएसएसमध्ये 'हे तोडू नको' असं सांगायची सोय आहे, आणि ते आम्ही सांगितलंही होतं. पण तक्त्याच्या रांगांबाबत ते साधन ऐकायचंच नाही. हे फार क्वचित व्हायचं, त्यामुळे हॉस्पिटलांकडून तक्रार आली नव्हती. बाईंना मात्र नव्या आवृत्तीच्या तपासणीत हे सापडलं, आणि त्यांनी आवृत्ती अडवली.

वेळ वाईट होती. एका मोठ्या हॉस्पिटल समूहाला सोमवारी नवी आवृत्ती द्यायची होती. हे काम मिळालं असतं तर कंपनी दातांच्या दवाखान्याच्या डोक्यावरून हलली असती.

"क्वचित तुटते रांग," सर म्हणाले. "आणि तुटली तरी मजकूर कुठे जात नाही. दुसऱ्या पानावर असतो. माणूस दोन्ही पानं वाचेल."

"वाचेल हा भविष्यकाळ झाला, सर," बाई म्हणाल्या.

सरांचा चेहरा उतरला. ते वाईट नव्हते. पगार द्यायची काळजी त्यांना होती आणि आम्हाला नव्हती, एवढाच फरक. पण आमच्याकडे पद्धत अशी की टेस्टिंगच्या माणसानं 'तपासलं, द्यायला हरकत नाही' अशी मेल केल्याशिवाय काही बाहेर जायचं नाही. बाई ती मेल करेनात. शुक्रवारी दुपारी सरांनी मला आत बोलावलं.

"कार्डाचं काम तुलाच सगळ्यांत जास्त माहीत आहे. सोमवारी सकाळी मेल तू कर. तुझं प्रोबेशनही संपत आलंय, ते मी बघतो."

मी बाहेर आले. नोकरी पक्की झाली नसती तर मला गावी परतावं लागलं असतं, आणि गावी माझ्या लग्नाची बोलणी तयारच होती. बाईंना मी सगळं सांगितलं.

"करा मेल," त्या म्हणाल्या. "मी रागावणार नाही. खरंच नाही. फक्त उद्या माझ्याबरोबर लोणीला चला. त्यानंतर तुमचं तुम्ही ठरवा."

मग उठून त्या सरांच्या केबिनमध्ये गेल्या. केबिन म्हणजे प्लायवूडचा आडोसा, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"सर, त्या मुलीला मध्ये घालू नका. नकार माझा आहे. नोकरी घ्यायचीच असेल तर माझी घ्या, मला आता निवृत्तीची सवयच लावायची आहे. तिनं मेल केली नाही तर ते मी सांगितलं म्हणून, असं धरा."

सर मात्र इतक्या हळू बोलले की त्यांचं ऐकू आलं नाही. माझ्यासाठी असं कुणी कुणासमोर उभं राहिल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. निदान या शहरात तरी नाही.

लोणी काळभोरच्या बाजूला आमचं सॉफ्टवेअर वापरणारं एक छोटं हॉस्पिटल होतं. तिथे आमची जुनी आवृत्ती चालू होती, म्हणजे रांग तोडणारं साधन तिथेही तेच. शनिवारी सकाळी आम्ही बसनं गेलो. बाईंना फक्त बघायचं होतं की लोक या कागदाचं काय करतात. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. एकानं कार्डाची सुरळी करून कानामागच्या विडीसारखी टोपीत खोवली. एकीनं मुलाचं नाक पुसायला कोपरा घेतला. बाई माझ्याकडे बघायच्या आणि परत समोर बघायच्या.

आमच्या शेजारी एक म्हातारी आणि तिची सून येऊन बसल्या. म्हातारीनं तोंडावर पदर घट्ट धरला होता. बोटं सांध्यांत वाकडी झालेली.

"काय होतंय?" बाईंनी विचारलं.

"आमच्या आत्यांचं तोंड आलंय बघा," सून म्हणाली. "निस्तं लालेलाल. पानी बी झोंबतंय. सांदेवाताची गोळी चालू केली तवापासनं अन्नच जाईना."

"कागद आहे का जवळ?"

सुनेनं पिशवीतून कार्ड काढून दिलं. आमचंच कार्ड. बाईंनी चष्मा चढवला, तक्त्यावरून बोट फिरवलं आणि शेवटच्या रांगेवर थांबवलं. तिथे गोळीचं नाव होतं आणि पुढे लिहिलं होतं, 'एक गोळी, रात्री जेवणानंतर,'. स्वल्पविरामापाशी पान संपलं होतं.

"ही गोळी रोज देता?"

"व्हय की. एक दिस बी चुकू दिली न्हाई. लिवलंय ना तसं."

"दुसरं पान कुठे आहे?"

"त्येच्यावर काय नव्हतं वो. एक वळ आन सही. सही हाय म्हनून मेडिकलवाल्यानं ठिवून घेतलं."

बाईंनी कागद माझ्या हातात दिला. तो तक्ता मला पाठ होता. त्या गोळीची सूचना आमच्या यादीत तयारच होती, डॉक्टर ती नुसती निवडायचे. मी ती शेकडो वेळा मोठ्यानं वाचली होती. एक गोळी, रात्री जेवणानंतर, आठवड्यातून फक्त एकदाच.

"रोजची नाही," मी पुटपुटले. "आठवड्याची आहे."

बाई तोवर उठल्या होत्या. म्हातारीला एका हातानं आधार देत त्या थेट डॉक्टरांच्या दाराशी गेल्या.

"अहो, नंबर लावा," काउंटरवरचा माणूस ओरडला.

"लावलाय. यांचाच आहे आणि आत्ताचा आहे," असं म्हणून त्यांनी दार ढकललं.

पुढचं फार भराभर झालं. डॉक्टर तरुण होते. कागद पाहिला आणि त्यांचा रंग उडाला. म्हातारीला लगेच दाखल केलं, रक्त काढलं, त्या गोळीवर उतारा म्हणून जे औषध असतं ते चालू केलं. सून दाराशी उभी राहून एकच विचारत होती, "माझ्या हातनं झालं का वो? मीच दिली ना गोळी?"

बाईंनी तिला बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. त्यांच्या आवाजातली धार कुठे गेली मला कळेना.

"तुमच्या हातून काही झालं नाही. कागदात होतं ते तुम्ही इमानानं केलंत. चूक कागदाची आहे. कागद आम्ही केलाय."

मग बाहेर पायरीवर येऊन त्यांनी सरांना फोन लावला.

"सर, रांग तुटली."

पलीकडून काहीतरी विचारणं झालं असावं.

"लोणीला. माणूस जिवंत आहे. तुम्ही या."

सर आले. त्यांनी म्हातारीला पाहिलं, सुनेला पाहिलं, आणि पायरीवर बसून एकेका हॉस्पिटलला स्वतः फोन करायला सुरुवात केली. प्रत्येकाला सांगितलं की कार्ड हातानं तपासल्याशिवाय देऊ नका, चूक आमची आहे. त्या मोठ्या समूहाला त्यांनी कळवलं की सोमवारी काही मिळणार नाही. ते लोक थांबले नाहीत, दुसरीकडे गेले. आम्ही दातांच्या दवाखान्यावरच राहिलो. पण सरांनी त्यावरून बाईंना कधी एका शब्दानं बोल लावला नाही.

जुनं साधन आम्ही फेकून दिलं. ब्राउझर पडद्याआड उघडून त्याच्याकडूनच कागद छापून घ्यायचा, असा मार्ग मी काढला. तो रांगा तोडत नव्हता. तरीही बाईंच्या सांगण्यावरून मी आणखी एक केलं: जे औषध रोजचं नाही त्याची सूचना सुरुवातीलाच 'आठवड्यातून एकदा' अशी, ठळक अक्षरात, आणि शेजारी वाराचं नाव. रांग कुणी कापलीच तरी आधी जे उरेल ते महत्त्वाचं उरावं. या सगळ्याला बरेच आठवडे लागले. त्या काळात बाई माझ्याशेजारी बसून असायच्या. मी थकले की डबा उघडून पुढे सरकवायच्या आणि म्हणायच्या, "खा. उपाशी माणसाचा सीएसएस वाकडा येतो."

प्रोबेशन संपल्याची मेल सरांनी बाईंच्या हातूनच मला दिली. छापून, चौघडी करून.

पुढे मी खराडीला मोठ्या कंपनीत गेले. आता माझ्या हाताखाली पोरं आहेत, आणि मीही त्यांना छापायला लावते. ती माझ्या पाठीमागे हसत असणार. हसू देत. माणूस कागदाच्या पलीकडच्या टोकाला बसलेला असतो, हे मला बाईंनी दाखवलं. आणि आपली म्हणून जी बोली, जे भय, जे घर असतं ते दाराबाहेर न ठेवताही चांगलं काम करता येतं, हेही.

त्या निवृत्त झाल्यावर मी खडकीला गेले होते. वाकून नमस्कार केला आणि पाठ केलेलं बोलायला लागले, "बाई, तुमच्यामुळे मी..."

"कमरेत लचक भरेल, उठा," त्या म्हणाल्या. "आणि वाक्य अर्धंच सोडा, पुढचं मला माहीत आहे. कांदा चिरता येतो का?"

आम्ही थालीपीठं केली. आभार राहूनच गेले. बाईंशी ते कधी कुणाला जमलं नाही. एकदाच त्या सापडल्या, ते मात्र मी डोळ्यांनी पाहिलंय.

लोणीच्या त्या प्रकारानंतर काही आठवड्यांनी दुपारी ऑफिसची बेल वाजली. दारात ती सून आणि तिच्यामागे काठी टेकत सासू. जिना चढून धाप लागलेली. हातात मेथीच्या जुड्यांचं गाठोडं.

"त्या बाई हायत्या का?" सुनेनं विचारलं.

बाई कागद घेऊन आतल्या खोलीत सटकायच्या बेतात होत्या. मी त्यांची वाट अडवून उभी राहिले. म्हातारी तशीच पुढे आली, काठी माझ्या हातात दिली आणि वाकड्या बोटांनी बाईंच्या चेहऱ्यावरून हात ओवाळून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. बोटं कडकड वाजत नव्हती, सांधे दुखत असणार, तरी तिनं दोनदा केलं.

बाई खांबासारख्या ताठ उभ्या. डोळे भिंतीवर. ओठ आवळलेले. सगळं ऑफिस बघत होतं आणि खाली दातांचं ड्रिल चालू होतं.

"जेवण जातं का आता?" बाईंनी शेवटी विचारलं.

"जातंय की. भाकरी खाते. मिर्ची बी खाते."

"आणि गोळी?"

म्हातारीनं हात खाली घेतला आणि शाळेतल्या पोरीसारखी सरळ उभी राहिली.

"सोमवारी," ती म्हणाली. "निस्ती सोमवारी."

बाईंनी मान हलवली. त्यांनी मेथीचं गाठोडं उचललं, छातीशी धरलं आणि तशाच उभ्या राहिल्या.